‘ब्लू जेंडर’ आणि जादा माणसं

‘ब्लू जेंडर’ या जपानी मालिकेचा विषय निघाला की ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) पाहणाऱ्यांत ठरलेले दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, घराएवढे किडे असूच शकत नाहीत, तेव्हा ही उत्क्रांतीची गोष्ट पहिल्याच भागात निकालात निघाली. दुसरा म्हणतो, किड्यांचं सोडा, मालिका सांगते ते खरं आहे: माणूस हा पृथ्वीला जडलेला रोग आहे आणि पृथ्वी कधीतरी तो रोग स्वतःच्या अंगातून काढून टाकणार. पहिला पक्ष मालिका अडगळीत टाकतो, दुसरा तिची पोथी करतो. वाद वर्षानुवर्षं तिथंच घुटमळतो, कारण दोघांचं गृहीतक एकच आहे. मालिकेतली माणसं जो सिद्धान्त मांडतात तोच मालिकेचा आशय, असं दोघेही धरून चालतात. माझं म्हणणं वेगळं आहे. तो सिद्धान्त उत्क्रांतीच्या कसोटीवर टिकत नाही, आणि त्याचं कारण किड्यांचा आकार हे नाही. पण सिद्धान्त पडला म्हणून मालिका पडत नाही. तिच्यातली खरी भीती किड्यांची नाहीच. माणसांच्या यादीतून कोणाचं नाव कापायचं हे ठरवणाऱ्या माणसांची ती भीती आहे, आणि म्हणूनच ही मालिका तिच्या वाट्याला आली त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या मानाची आहे.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (पुढे कथेतल्या बऱ्याच गोष्टी उघड होणार आहेत). एआयसी या स्टुडिओची ही २६ भागांची मालिका जपानमध्ये ऑक्टोबर १९९९ ते मार्च २००० या काळात दाखवली गेली. मूळ कल्पना र्योसुके ताकाहाशी यांची. युजी काइदो या तरुणाला २००९मध्ये एका आजाराचं निदान होतं. शरीरात ‘बी-पेशी’ सापडतात आणि उपचार निघेपर्यंत त्याला गोठवून झोपवलं जातं. तो जागा होतो २०३१मध्ये. मधल्या बावीस वर्षांत ‘ब्लू’ नावाच्या अजस्र कीटकसदृश प्राण्यांनी पृथ्वी व्यापलेली असते. हे प्राणी माणसांना नुसतं मारत नाहीत, चिकट गोळ्यांत गुंडाळून खाद्य म्हणून साठवतात. उरलेली संघटित माणसं ‘सेकंड अर्थ’ या अवकाशस्थानकावर राहतात आणि तिथून जमिनीवर तुकड्या पाठवतात. तुकड्यांचं काम जमिनीवर अडकलेल्या माणसांना सोडवणं हे नाही. युजीसारखे गोठवलेले ‘स्लीपर’ शोधून वर नेणं, एवढंच. मार्लीन एंजल ही अशाच एका तुकडीतली सैनिक. पहिल्या भागांत तुकडीतली माणसं एकेक करून संपत जातात आणि सगळ्यात मोठा टप्पा हा वर पोहोचण्यासाठी जमिनीवरून केलेला प्रवास आहे.

यंत्रांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण ताकाहाशींचा हात तिथंच ओळखू येतो. त्यांनीच १९८३मध्ये ‘आर्मर्ड ट्रूपर व्होटम्स’ ही यंत्रमानवांच्या लढाईची मालिका केली होती. तिथला ‘स्कोपडॉग’ जेमतेम चार मीटर उंचीचा, घाऊक बनवलेला, मोडला तर टाकून द्यायचा लोखंडी सांगाडा. त्याच काळात ‘गंडम’ या मालिकेतला यंत्रमानव १८ मीटरचा आणि जवळजवळ देवासारखा होता. ‘ब्लू जेंडर’मधलं ‘आर्मर श्राइक’ हे स्कोपडॉगच्या कुळातलं: आत एक भेदरलेला माणूस, बाहेर संपत जाणारा दारूगोळा, आणि जमिनीवर दुरुस्तीला कोणी नाही. नावही विचार करून ठेवलेलं आहे. श्राइक म्हणजे आपल्याकडचा खाटीक पक्षी. चिमणीपेक्षा थोडा मोठा, आकड्यासारख्या चोचीचा हा पक्षी टोळ-भुंगे पकडून बाभळीच्या काट्यावर टोचून ठेवतो. जपानमध्ये त्याला ‘मोझु’ म्हणतात आणि काट्यावरच्या साठ्याला ‘हायानिए’. मालिकेत माणसं खाटकाचं नाव घेऊन किड्यांवर चालून जातात, आणि शिकार साठवून ठेवण्याची खाटकाची रीत मात्र किड्यांकडे असते. नावातला हा उलटफेर मालिकेनं कुठं समजावून सांगितलेला नाही, म्हणून तो जास्त लागतो.

आता आकाराचा आक्षेप. तो चुकीचा नाही, आणि मांडायचाच तर नीट मांडावा. कोकणात माडाला लागणाऱ्या गेंड्या भुंग्यासारखा एखादा ५ सेंटिमीटर लांब, १० ग्रॅम वजनाचा भुंगा घ्या आणि त्याची प्रत्येक बाजू शंभरपट करा. लांबी ५ मीटर होईल. पायाचं क्षेत्रफळ दहा हजारपट वाढेल, वजन मात्र दहा लाखपट, म्हणजे १० टन. पायाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पूर्वीच्या शंभरपट भार येईल आणि पाय मोडतील. श्वासाचं गणित याहून कठीण. कीटकाला फुप्फुसं नसतात, हवा बारीक नळ्यांतून थेट पेशींपर्यंत जाते, आणि नुसत्या विसरणानं ऑक्सिजन पोहोचायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गानं वाढतो. अंतर शंभरपट तर वेळ दहा हजारपट. तिसरी अडचण कात टाकण्याची: जुनं कवच उतरल्यावर नवं घट्ट होईपर्यंत कीटक मऊ असतो, आणि १० टनांचा मऊ देह स्वतःच्याच वजनानं पसरून जाईल. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन आजच्या २१ टक्क्यांऐवजी ३० टक्क्यांच्या आसपास होता, तेव्हाही मेगान्यूरा या चतुरासारख्या कीटकाचे पसरलेले पंख ६५-७० सेंटिमीटरपलीकडे गेले नाहीत. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी आकाराच्या या गणितावर १९२६मध्येच लिहून ठेवलं आहे. हेच हाल्डेन १९५७मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले.

एवढं मान्य केल्यावर प्रश्न उरतो तो असा की, या हिशेबानं नेमकं काय बाद झालं? हाच वर्ग-घनाचा नियम दोन पायांवर धावणाऱ्या १८ मीटरच्या यंत्रमानवालाही लागू आहे, आणि त्याच्याबद्दल तक्रार करणारे थोडेच भेटतात. कल्पित कथेला एखादी अशक्य गोष्ट गृहीत धरायची मुभा असते. विचारायचं ते हे की ते गृहीत धरल्यावर पुढचं सगळं त्याच्याशी इमान राखतं का. ‘ब्लू जेंडर’ची अडचण आकारात नाही. ती ‘का’ या शब्दात आहे. किडे का आले, या प्रश्नाला सेकंड अर्थवरचे संशोधक उत्तर देतात की पृथ्वीला माणसांची संख्या सोसवेनाशी झाली म्हणून तिनं त्यांना जन्माला घातलं. ब्लू ही पृथ्वीची प्रतिकारशक्ती आहे, आणि बी-पेशी त्याच योजनेचा माणसाच्या शरीरात शिरलेला भाग. उत्क्रांतीला इथं हेतू मिळाला. वाद व्हायला हवा होता तो या जागी.

कारण माणसाच्या हत्यारापुढे किडे बदलतात, हे महाराष्ट्राला कोणी मालिकेतून शिकवायची गरज नाही. बीटी कापूस, म्हणजे बाहेरून घातलेल्या जनुकामुळे झाडातच अळीला मारणारं विष तयार करणारं वाण, आपल्याकडे २००२मध्ये आला, दोन जनुकांचा ‘बोलगार्ड-२’ २००६मध्ये. २०१०मध्ये गुजरातेतली गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाच्या विषाला दाद देत नसल्याचं जाहीर झालं, आणि २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात दोन्ही विषं पचवणारी अळी बोंडाबोंडात होती. हे कसं घडलं, याचे टप्पे स्पष्ट आहेत. गुलाबी बोंडअळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. हिरव्या बोंडअळीला तूर-हरभऱ्याचा आसरा असतो, तिथं विष न खाल्लेल्या अळ्या वाढतात आणि प्रतिकारक्षम पतंगांशी संकर करून ती गुणवैशिष्ट्यं पातळ करत राहतात. गुलाबी अळीसाठी असा आसरा मुद्दाम ठेवावा लागतो. म्हणून ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाणं दिलं जायचं: शेताच्या कडेनं पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यातलं जे जास्त असेल ते. ते फार थोड्यांनी पेरलं. पाच-सहा एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला अळीसाठी पीक सोडणं परवडणारं नव्हतं, हेही खरं. त्यात संकरित वाणाच्या बोंडातल्या प्रत्येक सरकीत विष सारखं उतरत नाही, त्यामुळे अळीला अर्धवट मात्रा मिळत गेली. वर पाण्याची सोय असलेल्या शेतांत फरदड घेतली गेली, म्हणजे डिसेंबरात उपटायची कपाशी मार्चपर्यंत उभी राहिली आणि ज्या काळात अळीनं उपाशी सुप्तावस्थेत जायचं त्या काळात तिला ताटात वाढून मिळालं.

या सगळ्यात अळीची इच्छा कुठं आहे? पृथ्वीचा राग कुठं आहे? प्रतिकाराचं जनुक विषामुळे जन्माला येत नाही. ते तुरळक अळ्यांत योगायोगानं आधीच असतं किंवा योगायोगानंच उद्भवतं. बाकीच्या मरतात, त्या उरतात, त्यांची पिल्लं होतात. नैसर्गिक निवड म्हणजे कोण उरलं याची नोंद. तिच्यात पुढचं पाहणारं कोणी नाही. आणि वणीच्या किंवा पांढरकवड्याच्या शेतकऱ्यावर अळी उलटली तेव्हा तो काही पृथ्वीचा सर्वांत मोठा गुन्हेगार नव्हता. निसर्गाच्या सूडाची गोष्ट पहिल्यांदा अडखळते ती याच ठिकाणी: फटका बसतो तो जो जवळ असतो त्याला, जो दोषी असतो त्याला नव्हे.

दुसऱ्या पक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा म्हणजे गाया: सगळे सजीव आणि पृथ्वी मिळून स्वतःला सावरणारी एकच व्यवस्था आहे, ही कल्पना. जेम्स लव्हलॉक आणि लिन मार्गुलिस या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात ती मांडली, आणि ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. पृथ्वीच्या हवेतला ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र टिकून राहतात ते केवळ सजीव ते सतत तयार करत असतात म्हणून. १९८३मध्ये लव्हलॉक आणि अँड्र्यू वॉटसन यांनी ‘डेझीवर्ल्ड’ नावाचं गणिती जग मांडून दाखवलं: काळ्या आणि पांढऱ्या फुलांखेरीज काहीच नसलेल्या ग्रहावर, सूर्य तापत गेला तरी, फुलांच्या नुसत्या कमी-जास्त होण्यानं तापमान बराच काळ स्थिर राहू शकतं. म्हणजे सजीव आणि ग्रह एकमेकांना सावरून धरतात हे शक्य आहे, आणि त्यासाठी कोणी योजना आखावी लागत नाही. पण गाया मानणाऱ्यांनी नेमकं हेच वाक्य वाचायचं सोडून दिलं. डेझीवर्ल्डमधल्या फुलांना तापमान ठाऊक नाही. इस्त्रीतला थर्मोस्टॅट कपड्याची काळजी करत नाही.

प्रतिकारशक्ती ही तर त्याहून वेगळी चीज. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी परक्याला ओळखतात, कारण ज्या प्राण्यांत ती ओळख चांगली होती ते जगले आणि ज्यांत नव्हती ते मेले, हे कोट्यवधी पिढ्या चाललं. त्यासाठी खूप शरीरं लागतात, त्यांची पिल्लं लागतात, त्यांच्यात स्पर्धा लागते. पृथ्वी एक आहे. तिला पिल्लं नाहीत. कमी प्रतिकारशक्तीच्या शंभर पृथ्व्या मरून जास्त प्रतिकारशक्तीची ही एक उरली, असं काही घडलेलं नाही. फोर्ड डूलिटल यांनी १९८१मध्ये आणि रिचर्ड डॉकिन्स यांनी १९८२मध्ये, या दोन्ही जीवशास्त्रज्ञांनी, हाच आक्षेप घेतला होता, आणि त्याला पुरेसं उत्तर माझ्या मते आजवर मिळालेलं नाही.

इतिहासही हेच सांगतो. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्मजीवांनी हवेत ऑक्सिजन सोडून तेव्हाच्या बहुतेक सजीवांसाठी जग विषारी करून टाकलं. कोणत्याही माणसानं केलेल्या प्रदूषणाहून ते मोठं होतं. पृथ्वीनं त्यांच्यावर कुठले ब्लू सोडले? कुठलेच नाहीत. ते उरले, आणि त्यांच्याच विषावर आज आपण श्वास घेतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा वाहत होता. सह्याद्रीचा काळा पाषाण, अजिंठा-वेरूळ ज्यात कोरलं ती कातळ, सगळी त्यातलीच. त्याच सुमारास तिकडं लघुग्रह आदळला आणि डायनोसॉर संपले. डायनोसॉरांनी असा कोणता अपराध केला होता? ज्याला पृथ्वीची आई म्हणून पूजा करायची आहे त्यानं जरूर करावी, पण रायगडाच्या कड्याकडे पाहून हेही ध्यानात घ्यावं की या आईनं निरपराध लेकरं कोणत्याही कारणाविना गमावलेली आहेत.

इथं एक जपानी संदर्भ आणावासा वाटतो, कारण मालिकेतली उत्क्रांती जपानी प्रेक्षकाला आपल्याइतकी परकी वाटली नसावी. क्योतोचे किंजी इमानिशी (१९०२-१९९२) हे तिथल्या वानरविज्ञानाचे जनक. कामो नदीच्या प्रवाहात दगडाखाली राहणाऱ्या मेफ्लाय माशीच्या अळ्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि पाहिलं की वेगवेगळ्या जातींनी प्रवाहाच्या वेगानुसार जागा वाटून घेतल्या आहेत. त्यावरून त्यांनी डार्विनच्या स्पर्धेऐवजी सहवासाचा सिद्धान्त उभा केला, आणि पुढे तर म्हणाले की जाती एकेका प्राण्याच्या निवडीतून बदलत नाहीत, बदलायची वेळ आली की सगळी जातच बदलते. जपानमध्ये हे विचार अफाट लोकप्रिय झाले. १९८४मध्ये बेव्हर्ली हॉल्स्टेड हे ब्रिटिश संशोधक क्योतोला जाऊन त्यांच्याशी भांडून आले. अळ्यांची निरीक्षणं उत्तम होती. वेळ आली की जात बदलते, या वाक्यात मात्र कारणच सांगितलेलं नाही. ब्लूचा जन्म अगदी याच धाटणीचा आहे. वेळ आली आणि जात आली. पण त्याच देशात, मिशिमाच्या राष्ट्रीय अनुवंशशास्त्र संस्थेत बसून मोतो किमुरा यांनी १९६८मध्ये दाखवलं की रेणूंच्या पातळीवर होणारे बहुतेक बदल ना फायद्याचे असतात ना तोट्याचे. ते निव्वळ योगायोगानं टिकतात किंवा पुसले जातात. हेतूच्या विरुद्ध याहून कठोर विधान उत्क्रांतीशास्त्रात क्वचितच झालं असेल. ‘ब्लू जेंडर’चे संशोधक इमानिशींच्या बाजूला बसतात. माझं मत किमुरांना.

यावर एक रास्त प्रश्न येतो. पृथ्वीला हेतू नसेल, पण माणसानं तिची वाट लावली आहे हे तर खरं ना? खरं आहे. २०१७मध्ये जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या कीटक अभ्यासकांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या: संरक्षित क्षेत्रांतसुद्धा उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन २७ वर्षांत ७५ टक्क्यांहून अधिक घटलं होतं. वास्तवातली भीती मालिकेच्या बरोबर उलट्या टोकाला आहे. किडे वाढून आपल्यावर चालून येत नाहीत, ते गप्पपणे नाहीसे होताहेत. पण ‘माणसानं’ या कर्त्यात केवढी माणसं कोंबली जातात! मिनामाता या किनाऱ्यावरच्या गावाचं उदाहरण जपानमधलंच. चिस्सो कंपनीच्या कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड बनवताना तयार होणारा मिथाइल पारा खाडीत सोडला जात होता. १९५६मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली. कारखान्याचं सांडपाणी हेच कारण, हे सरकारनं मान्य करायला १९६८ उजाडलं. हातपाय वाकडे झाले ते त्या खाडीतले मासे खाऊन जगणाऱ्या कोळ्यांचे आणि त्यांच्या पोटातल्या बाळांचे. त्या कोळ्याला आणि कारखान्याच्या संचालकाला ‘मानवजात’ या एकाच शब्दात बसवलं की गुन्हा कोणाचा, हा प्रश्नच मिटतो. माणूस हा रोग आहे, असं म्हणणारा स्वतःला कठोर समजतो. प्रत्यक्षात तो खऱ्या दोषीला गर्दीत लपू देतो.

‘लोकसंख्या’ या शब्दाचंही तेच. मालिका सुरू झाली त्याच ऑक्टोबर १९९९मध्ये, १२ तारखेला, संयुक्त राष्ट्रांनी जगाची लोकसंख्या ६०० कोटी झाल्याचा दिवस पाळला. चिंता हवेत होती. पण ज्या जपानमध्ये ही मालिका बनली तिथं उलटी चिंता होती: १९८९मध्ये एका स्त्रीमागे मुलांचं प्रमाण १.५७ वर आलं तेव्हा देश हादरला होता, आणि १९९९मध्ये ते १.३४ होतं. जिथं पाळणे रिकामे राहत होते तिथं माणसं फार झाली म्हणून पृथ्वी चिडल्याची कथा लिहिली गेली. महाराष्ट्राचं हे प्रमाण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ होतं, म्हणजे लोकसंख्या टिकून राहायला लागणाऱ्या २.१च्या खाली, आणि तरी ‘लोकसंख्येचा स्फोट’ हा शब्द आपल्या बोलण्यातून गेलेला नाही.

माणसं जादा झाली, असं एकदा ठरलं की कोणती जादा, हा प्रश्न लगेच येतो. आणि त्याचं उत्तर आजवर एकदाही निसर्गानं दिलेलं नाही. १८७६-७८च्या दुष्काळात दख्खन करपत असताना व्हाइसरॉय लिटन यांच्या सरकारची विचारसरणी माल्थस या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाची होती: धान्यापेक्षा माणसं वेगानं वाढतात, दुष्काळ तो हिशेब जुळवतो. सरकारनं दुष्काळी कामं पाहायला पाठवलेले अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी १८७७मध्ये दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा, असा दर बांधला, तोही दिवसभर खडी फोडण्याच्या बदल्यात. याच टेंपल यांनी १८७४मध्ये बंगालमध्ये ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं वाचवली होती आणि त्यासाठी उधळेपणाचा ठपका खाल्ला होता. पृथ्वी तीच, पाऊस तसाच लहरी. बदलला होता तो कागदावरचा हुकूम. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची माहिती गोळा करून अर्जांवर अर्ज केले ते या हुकमाविरुद्ध, निसर्गाविरुद्ध नव्हे. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, १९७६मध्ये, तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्याच विधिमंडळानं मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे तो कायदा झाला नाही, पण त्या वर्षात देशभर ६० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, आणि पोलिसांच्या गाड्या कोणत्या वस्त्यांत शिरल्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. जपानचा हिशेब याहून लांबलेला. १९४८च्या सुप्रजनन कायद्याखाली सुमारे २५ हजार माणसांच्या नसबंद्या झाल्या, त्यांतल्या साडेसोळा हजार संमतीविना. ‘निकृष्ट’ संतती जन्मू नये, हा त्या कायद्याचा लिखित उद्देश होता. तो उद्देश कायद्यातून गेला १९९६मध्ये, ‘ब्लू जेंडर’च्या अवघी तीन वर्षं आधी. जुलै २०२४मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला, तोवर त्यातली कित्येक माणसं गेली होती.

या पार्श्वभूमीवर सेकंड अर्थ पाहा. वर बसलेली परिषद खालच्या माणसांना वगळूनच हिशेब करते. जमिनीवर लहान-लहान वस्त्या तग धरून आहेत हे तुकड्यांना दिसतं, पण त्यांना न्यायचं नाही, कारण त्या मोहिमेत नाहीत. ज्यांच्या शरीरात उपयोगाच्या पेशी आहेत ते स्लीपर तेवढे मोलाचे, आणि तेही माणूस म्हणून नव्हे. युजीला वर नेल्यावर उपचार होत नाहीत, त्याच्या बी-पेशी हत्यारासारख्या धारदार केल्या जातात आणि त्यात त्याचं माणूसपण सुटत जातं. मग याच प्रयोगांतून निघालेला टोनी फ्रॉस्ट हा स्लीपर माणसं संपवणं हीच निसर्गाची इच्छा असं मानू लागतो. मला हा धागा मालिकेतला सगळ्यात अचूक वाटतो. पृथ्वीचा आवाज ऐकू आल्याचा दावा कोण करतं? ज्याला आधी एका कचेरीनं वस्तू केलं तो. ‘निसर्ग म्हणतो’ आणि ‘परिषद म्हणते’ ही दोन वाक्यं किती सहज एकमेकांच्या जागी बसतात, हे टोनीमुळे दिसतं. २०२० सालच्या टाळेबंदीत व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन परतल्याचे खोटे व्हिडिओ फिरत होते आणि ‘खरा विषाणू आपणच’ असे संदेश घरबसल्या पुढे पाठवले जात होते. त्याच आठवड्यांत मुंबई-नाशिक महामार्गावरून माणसं डोक्यावर बोचकी घेऊन हजार-हजार किलोमीटर चालत निघाली होती. पृथ्वी विश्रांती घेत होती, असं म्हणताना ही माणसं ‘आपण’मध्ये होती का?

शेवटच्या भागांत मालिका स्वतःच सूडाच्या सिद्धान्ताकडे झुकते, हे मात्र नाकारता येणार नाही. ब्लूच्या घरट्याच्या गाभ्यात युजीला जे उमगतं ते गूढवादाकडे जातं, आणि यंत्रं टाकून माणसं साधं जगू लागली की सगळं शमतं ही सुटका फार स्वस्त आहे. यंत्र टाकणं सेकंड अर्थवरच्या माणसाला त्याग वाटेल. जमिनीवर बावीस वर्षं यंत्राविना राहिलेल्याला ब्लूनं खायचं थोडंच सोडलं होतं? मधल्या भागांत चित्रांचा दर्जाही घसरतो. हालचाल जिथं हवी तिथं स्थिर चित्रं पुढं-मागं सरकवलेली दिसतात, अवकाशातल्या लढाया जमिनीवरच्या भीतीपुढे फिक्या पडतात. १९९५मध्ये आलेल्या ‘इव्हॅन्जेलियन’ या मालिकेची छाया पडल्याचा आरोपही होतो, पण तो मला वरवरचा वाटतो: तिथं भीती मनाच्या आत शिरत जाते, इथं ती धान्याच्या कोठारासारखी बाहेर रचून ठेवलेली आहे, भर उन्हात, मोजता येईल अशी.

म्हणून पाहायची तर पूर्ण २६ भाग पाहावेत. २००२मध्ये निघालेला ‘द वॉरियर’ हा संकलित चित्रपट टाळावा. जवळजवळ दहा तासांची गोष्ट दीड-पावणेदोन तासांत बसवताना कात्री कुठं लागणार हे उघड आहे: किडे राहतात, यंत्रं राहतात, सिद्धान्त राहतो, आणि वाटेत भेटलेली, कथेला पुढे काहीच कामाची नसलेली जमिनीवरची माणसं जातात. सेकंड अर्थनं जी कापली तीच संकलकानं कापावीत, याचं वाईट वाटतं, कारण मार्लीन बदलते ती त्यांच्यामुळे. सुरुवातीला ती त्यांच्याकडे पाहतही नाही. मोहिमेत एक स्लीपर आहे, बाकीचे नाहीत, एवढंच तिला शिकवलेलं असतं. युजी थांबतो, वाद घालतो, मागे वळतो, आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत दारूगोळ्यात आणि माणसांत मोजावी लागते. मालिका ती किंमत लपवत नाही. बरेच भाग गेल्यावर मार्लीन स्वतःहून थांबायला लागते. उत्क्रांती एका माणसात कधीच घडत नाही, ती पिढ्यांत घडते. तेव्हा मार्लीनला जे होतं त्याला हा शब्द लागू नाही. तिच्या पेशी आहेत तशाच आहेत. ती फक्त मोजदाद बदलते, आणि त्या २६ भागांत हे कोणत्याही पृथ्वीनं सांगितल्यावाचून घडतं.